साडेतीन फूट पाणी

आपल्याकडे मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचं रीळ लागायचं, तसं अमेरिकेतल्या थिएटरांत एका रिळाचे छोटे लघुपट लागत. १९३८ साली हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीनं असाच एक लघुपट काढला, 'द शिप दॅट डाइड'. लांबी जेमतेम दहा मिनिटं. दिग्दर्शक जाक तुर्नर, ज्यानं पुढे १९४२ मध्ये 'कॅट पीपल' करून न दिसणाऱ्या गोष्टीची भीती कशी घालायची याचा वस्तुपाठ दिला. विषय 'मेरी सेलेस्ट', अटलांटिकमध्ये १८७२ साली माणसांवाचून तरंगत सापडलेलं जहाज. लघुपटात तीन शक्यता अभिनयातून येतात. खलाशांनी बंड केलं, काहीतरी अमानवी घडलं, किंवा पिंपांतल्या अल्कोहोलची वाफ पेटून स्फोट होईल या धास्तीनं सगळे होडीत उतरले.

लघुपट चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिन्ही शक्यतांना मिळालेल्या सारख्या मापाबद्दल. बंडाचा एकही धड पुरावा नाही, भुताचा असण्याचा प्रश्नच नाही, आणि तिसरीच्या बाजूनं कोर्टातल्या शपथेवरच्या साक्षी आहेत. पडद्यावर मात्र तिघी एका रांगेत बसतात आणि प्रेक्षक मनाला येईल ती उचलून घरी जातो. हाच साचा आज मोबाइलवर रोज दिसतो. दहा मिनिटांचा व्हिडिओ, चार थिअऱ्या, शेवटी 'तुम्हाला काय वाटतं?' समुद्रातल्या अपघाताचं कारण मतदानानं ठरत नसतं. असे लघुपट दाखवावेत का, हा वाद फिजूल आहे, जरूर दाखवावेत. साक्ष कुठे संपते आणि कल्पना कुठे सुरू होते, हे सांगायची जबाबदारी दाखवणाऱ्यावर आहे की नाही, हा प्रश्न मात्र खरा आहे. माझ्या मते आहे, आणि 'नाट्यरूपांतर' एवढी पट्टी लावून ती फिटत नाही.

आधी साक्ष काय आहे ते पाहू, कारण ती लघुपटापेक्षा रंजक आहे.

'मेरी सेलेस्ट' म्हणजे दोन डोलकाठ्यांचं लाकडी शिडाचं जहाज. १८६१ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात 'अॅमेझॉन' नावानं पाण्यात उतरलं, १८६८ मध्ये अमेरिकी मालकांकडे गेल्यावर नाव बदललं. १८७२ मध्ये मोठी डागडुजी झाली, वरचा एक डेक चढवला, लांबी १०३ फूट आणि पोटाची खोली १६ फुटांच्या थोडी वर गेली. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, वय ३७, अनुभवी. सोबत पत्नी सारा, दोन वर्षांची सोफिया आणि सात खलाशी, म्हणजे एकूण दहा माणसं. माल होता अल्कोहोलची १,७०१ पिंपं, जायचं इटलीतल्या जिनोवाला. ७ नोव्हेंबरला न्यूयॉर्क सोडलं.

४ डिसेंबरला अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या मधल्या समुद्रात 'डेई ग्रात्सिया' या जहाजाला ते वेडंवाकडं जाताना दिसलं. ऑलिव्हर डेव्हो हा त्या जहाजाचा मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, होडीनं जाऊन वर चढला. त्यानं पुढे जिब्राल्टरच्या कोर्टात जे सांगितलं, त्याची यादी केली तर अशी होते. मधल्या मुख्य हॅचचं, म्हणजे डेकवरून पोटात उतरायच्या दाराचं, झाकण बंद. पुढच्या आणि मागच्या हॅचची झाकणं उघडी, डेकवरच बाजूला पडलेली. काही शिडं चढलेली, काही फाटून गेलेली, दोर तुटून बाजूला लोंबणारे. होकायंत्राची पेटी जागची हललेली, काच फुटलेली. एकुलती एक होडी गायब. क्रोनोमीटर (जहाजाची जागा काढायचं अचूक घड्याळ), सेक्स्टंट (त्यासाठीच सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं साधन) आणि जहाजाची कागदपत्रं गायब. खलाशांची पावसाळी कोटं, बूट, चिलमी जिथल्या तिथे. तळात साडेतीन फूट पाणी. एक पंप उकललेला, आणि त्याच्याजवळ डेकवर पडलेली पाणी मोजायची सळई.

टेबलावर वाफाळता चहा नव्हता. अर्धवट खाल्लेली न्याहारीही नव्हती. जेवणाचं काहीच मांडलेलं नव्हतं, स्वयंपाकाची भांडी नीट ठेवलेली होती. तो चहा पुढच्या सांगणाऱ्यांनी ओतला. १८८४ च्या जानेवारीत तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या आर्थर कॉनन डॉयल यांनी लंडनच्या एका मासिकात याच घटनेवरून कथा लिहिली. त्यात जहाजाचं नाव 'मारी सेलेस्ट' झालं आणि होड्या जागच्या जागी राहिल्या. नावाची ती चूक आजही निम्म्या लेखांत सापडते. होडीची चूक त्याहून महाग पडली. होडी गेलेली असेल तर माणसं होडीत बसून गेली, इतकं साधं आहे. होडी तिथेच असेल तरच गूढ उभं राहतं.

आता त्या सळईकडे वळू. सगळ्या थिअऱ्यांत तिला सर्वांत कमी जागा मिळते, आणि उत्तर बहुधा तिच्यापाशीच आहे.

लाकडी जहाज थोडंफार गळतंच. फळ्यांच्या सांध्यांत भरलेला काथ्या कितीही ठोकला तरी समुद्र आत येतो. म्हणून तळात किती पाणी साचलं हे पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. पोट पिंपांनी गच्च भरलेलं असलं की खाली उतरून बघता येत नाही, मोजूनच कळतं. पद्धत जुनी आहे आणि आजही फारशी बदललेली नाही. लोखंडी सळई कोरडी पुसायची, तिच्यावर खडू फासायचा, दोराला बांधून नळीतून खाली सोडायची. तळ लागला की हाताला बारीक हिसका बसतो. लगेच वर ओढायची, आणि खडू जिथपर्यंत भिजला ती रेघ मोजायची. आता पट्ट्या आहेत, पाणी दाखवणारी लेपं आहेत, यंत्रंही आहेत, पण बंदरातल्या कुठल्याही मालवाहू जहाजावर सकाळी साउंडिंग, म्हणजे हे माप, घेणारा खलाशी याच क्रमानं काम करतो.

चुकतं कसं, तेही ठरलेलं आहे. नळीच्या आतल्या भिंती ओल्या असल्या की खडू वरपर्यंत पुसला जातो आणि पाणी आहे त्याहून जास्त दिसतं. जहाज एका कुशीवर कललेलं असेल तर पाणी तिकडे धावतं, एका बाजूला फूटभर तर दुसऱ्या बाजूला चार फूट. पंपाच्या नळीतूनच सळई सोडली आणि पंपात पाणी अडकून राहिलं असेल, तर मोजलं जातं ते नळीतलं पाणी. म्हणून एका मापावर कधीच जायचं नसतं. जहाज सरळ झालं की पुन्हा घ्यायचं, दुसऱ्या जागेवरून घ्यायचं, अर्ध्या तासानं परत घ्यायचं. किती पाणी आहे यापेक्षा ते किती वेगानं चढतंय हे महत्त्वाचं. साडेतीन फूट पाणी तासाला दोन इंचांनी चढत असेल तर पंप मारत बसायचं. तासाला दोन फुटांनी चढत असेल तर होडी खाली सोडायची.

डेव्होनं कोर्टात आपला अंदाज हाच सांगितला. पंपाजवळ सळई पडलेली होती, त्या अर्थी त्यांनी माप घेतलं असणार, त्या क्षणी पंपात पाणी जास्त दिसलं असणार, आणि जहाज बुडतंय असं वाटून ते उतरले असणार. तो त्याच धंद्यातला माणूस होता. त्याचं वाक्य कुठल्याही भुतापेक्षा वजनदार आहे.

पुढे यात दोन गोष्टींची भर पडली. पहिली, १८७२ ची डागडुजी आणि आधीच्या फेरीतला कोळसा. सुतारकामाचा भुसा आणि कोळशाची पूड तळातल्या पाण्यात मिसळली की पंपाच्या झडपा तुंबतात. पंप उकललेला का होता, याचं हे पटणारं कारण आहे. दुसरी गोष्ट जागेची. जहाजावरच्या पाटीवरची शेवटची नोंद २५ नोव्हेंबर, सकाळी आठची. सांता मारिया बेटाचं पूर्वेकडचं टोक सहा मैलांवर. आधीचे काही दिवस वारा जोराचा होता. २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात नोंदींवरून मार्ग पुन्हा आखला, तेव्हा जहाज कप्तानाला वाटत होतं तिथून बरंच पश्चिमेला असावं असं निघालं. म्हणजे बहुधा क्रोनोमीटर चुकत होता, आणि जमीन अपेक्षेपेक्षा उशिरा दिसली. आता हे सगळं एकत्र ठेवा. पंप तुंबलेला, पाण्याच्या मापावर भरवसा नाही, घड्याळावर भरवसा नाही, बायको आणि लहान मूल सोबत, आणि अनेक दिवसांनी समोर दिसलेली जमीन. त्या सकाळी होडीत उतरणं चूक होती, पण मूर्खपणा नव्हता.

वाफेच्या शक्यतेलाही न्याय द्यायला हवा, आणि लघुपटानं तिला जागा दिली हे त्याचं श्रेयच. जिनोवाला माल उतरवला तेव्हा नऊ पिंपं रिकामी निघाली. अल्कोहोलची वाफ हवेच्या दीडपटीहून थोडी जड असते, म्हणून ती वर न येता तळाशी साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण साडेतीन ते एकोणीस टक्क्यांच्या मध्ये आलं की ठिणगी पुरते. दोन हॅच उघड्या होत्या त्या बहुधा हवा खेळावी म्हणून. २००६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले रसायनतज्ज्ञ अँड्रिया सेला यांनी पोटाची प्रतिकृती करून, कागदाची पिंपं रचून, ब्यूटेन वायू पेटवून दाखवला. मोठा भडका उडाला, पण कागद करपलासुद्धा नाही. जळल्याच्या खुणा नव्हत्या, सबब स्फोट झालाच नाही, हा जुना आक्षेप त्यानं निकाली निघाला. स्फोट झाला होता, हे मात्र त्यानं सिद्ध होत नाही. घडू शकतं आणि घडलं यांत अंतर आहे. सळईची बाजूही अंदाजच आहे, पण शपथेवर सांगितलेल्या वस्तूंवर उभा असलेला. बंडाच्या अंदाजाखाली तेवढंही नाही.

मग बंड आलं कुठून? ते सिनेमावाल्यांनी आणलं नाही. जिब्राल्टरच्या कोर्टातच ते जन्माला आलं, आणि म्हणूनच 'सरकारी चौकशी म्हणजे सत्य, सिनेमा म्हणजे खोटं' अशी सोपी वाटणी मी करत नाही. तिथले अॅटर्नी जनरल फ्रेडरिक सॉली-फ्लड यांनी पहिल्यापासून खून धरला. नाळेवरच्या ओरखड्यांत त्यांना हत्याराच्या खुणा दिसल्या, कप्तानाच्या तलवारीवरच्या डागांत रक्त दिसलं, खलाशांनी माल पिऊन कप्तानाला मारलं अशी गोष्ट त्यांनी रचली. डाग तपासले तर ते रक्त नव्हतं. अमेरिकी नौदलाच्या कप्तानानं ओरखडे पाहिले आणि ते माणसानं केलेले नाहीत असं सांगितलं. पाणबुड्यानं तळ तपासला, कुठे धडकल्याची खूण नाही. तरी संशयाचा डाग पुसला नाही. एप्रिल १८७३ मध्ये 'डेई ग्रात्सिया'च्या लोकांना १,७०० पौंड बक्षिसी मिळाली, म्हणजे जहाज आणि मालाच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. दहा माणसांनी सोडलेलं जहाज तीन माणसांनी सहाशे मैल हाकारत बंदरात आणलं होतं, त्या मानानं ही रक्कम तुटपुंजी. पण त्या आकड्यापेक्षा ही तीन माणसं पुराव्यात मोलाची. तिघांना जे जहाज चालवता आलं ते बुडणारं नव्हतं.

मुंबईकरांना हा प्रकार परका वाटू नये. २०११ च्या जूनअखेरीस ओमानजवळ इंजिनरूममध्ये पाणी शिरलं म्हणून 'पवित' नावाच्या छोट्या तेलवाहू टँकरचे खलाशी जहाज सोडून गेले, ब्रिटिश नौदलाच्या जहाजानं त्यांना उचललं. टँकर बुडालाच नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी त्याला महिनाभर अरबी समुद्रातून ढकलत आणलं आणि ३१ जुलैला जुहू-वर्सोव्याच्या वाळूत आणून बसवलं. २६/११ नंतर नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस अशी तिहेरी नजर किनाऱ्यावर असताना, वाळूला लागेपर्यंत तो कुणी अडवला नाही. लोक फोटो काढायला लोटले. सोडलेलं जहाज किती तग धरतं, याचा धडा दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदींत पडून होता. सोडून दिलेलं जहाज म्हणजे बुडालेलं जहाज नव्हे, ते सापडेपर्यंत शोधत राहायचं असतं. 'मेरी सेलेस्ट' नऊ दिवसांत जवळजवळ चारशे सागरी मैल गेली, म्हणजे रोज चाळीसच्या वर, आणि हे सगळं सुकाणू मोकळं असताना. नोंदींतला हा आकडा कुणाच्या डोक्यात राहिला असता तर तो कामाला आला असता.

दुसरं उदाहरण आपल्या इलाख्यातलंच. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' ही आगबोट वादळात सातशेहून जास्त उतारूंसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'विजळी' म्हणत. गुजराती लोकगीतांत ती अजून बुडते, शाप आणि नशीब यांच्या भाषेत. मुंबई इलाख्यानं नेमलेल्या चौकशीत मात्र जीवरक्षक होड्या आणि जॅकेटं पुरेशी नव्हती, असं निघालं. गीत टिकलं, हे चांगलंच झालं. पण आज त्यावर कुणी लघुपट केला आणि त्यात होड्यांचा उल्लेख नसेल, तर बुडालेल्यांवर तो दुसऱ्यांदा अन्याय होईल.

यावर ठरलेलं उत्तर येतं. मनोरंजन आहे हो, इतकं काय मनावर घेता? भीती घाला, माझी ना नाही. पण खऱ्या घटनेतली भीती जास्त आहे. ओल्या नळीतून वर आलेली सळई, तिच्यावर चुकीच्या जागी भिजलेला खडू, आणि त्या रेघेकडे बघणारा दोन वर्षांच्या मुलीचा बाप. तुर्नरसारख्याच्या हातात हा एक मिनिटाचा प्रसंग पडला असता तर भुताची गरज उरली नसती.

'नाट्यरूपांतर' ही पट्टी पुरत नाही म्हणतो, त्याचं कारण हे. ती पट्टी फक्त सांगते की समोरची माणसं नट आहेत. एवढं प्रेक्षकाला कळतंच. समोरच्या कल्पनेला आधार आहे की नाही, हे ती सांगत नाही. त्याऐवजी कोपऱ्यात तीनच शब्द फिरते ठेवावेत, 'साक्ष', 'तर्क', 'कल्पना'. डेव्हो सळई उचलतो तिथे 'साक्ष'. ब्रिग्ज खडूकडे बघून होडी सोडायला सांगतो तिथे 'तर्क'. खलाशी सुरा काढतो तिथे 'कल्पना'. खर्च शून्य, आणि प्रसंगाची मजा जात नाही. जुना लघुपट असेल तर त्यावर हात चालवू नये, जसा आहे तसा दाखवावा. मात्र फिल्म सोसायटी, संग्रहालय किंवा शाळा तो दाखवणार असेल तर आधी डेव्होची वस्तूंची यादी प्रेक्षकांच्या हातात द्यावी. एक पान पुरतं. यादी वाचून लघुपट पाहिलेला विद्यार्थी कुठे चहा ओतलाय ते आपोआप शोधतो. शिक्षकांना यासारखा तयार तास मिळणार नाही.

आणि एक मागणी सिनेमावाल्यांकडे नाही, सरकारकडे आहे. गूढ वाढतं ते माहितीच्या रिकाम्या जागेत. जहाजांच्या अपघातांच्या चौकशीची आंतरराष्ट्रीय संहिता २०१० पासून लागू आहे, आणि तिचा उद्देश दोषी शोधणं हा नाहीच, तो अपघात पुन्हा होऊ नये हा आहे. आपल्याकडे हे काम नौवहन महासंचालनालयाकडे आहे, त्याचं मुख्यालय मुंबईतच. चौकशीतून निघणारे धडे इंग्रजीत आणि तांत्रिक भाषेत राहतात. ससून डॉक, हर्णे किंवा मालवणच्या तांडेलाला त्याचा उपयोग काय? प्रत्येक अहवालाचा दोन पानी मराठी सारांश निघावा. काय झालं, काय मोजलं, काय चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं. बोटीवरचा पंप तुंबतो कशानं आणि माप किती वेळा घ्यायचं, हे त्यात असेल तर तो सारांश जाळ्यांच्या ढिगावर बसूनही वाचला जाईल.

'मेरी सेलेस्ट'वर खरा गुन्हा घडला तो नंतर. ३ जानेवारी १८८५ रोजी कप्तान गिल्मन पार्करनं हैतीजवळच्या रोशेल्वा खडकावर ते मुद्दाम चढवलं. निकृष्ट माल भरून ३०,००० डॉलरचा विमा काढला होता. बोस्टनला खटला उभा राहिला, ज्यूरीचं एकमत झालं नाही. त्यात नावं आहेत, तारीख आहे, हेतू आहे, आकडा आहे. १९३८ च्या लघुपटानं सांगितलेल्या तीन शक्यतांत मात्र त्याला जागा नव्हती.